पावसाळ्यात गाडीच्या काचेवर धरणारी वाफ: आतली की बाहेरची?

आषाढातली संध्याकाळ, फोंड्याहून पणजीकडे निघालेली गाडी, बाहेर मुसळधार सर आणि आत एसी चालू. कुंडई मागे पडून बाणस्तारीचा पूल येईपर्यंत समोरची काच दुधाळ होते आणि पुढच्या वाहनाच्या मागच्या दिव्यांचे दोन लाल डाग तेवढे उरतात. गोव्यात पहिल्यांदाच पावसाळा काढणाऱ्या प्रत्येक चालकाला हा प्रसंग कधी ना कधी गाठतोच. मी सोलापूरकडून गोव्यात आलो त्या वर्षी मीही अशाच एका संध्याकाळी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने रुमालाने काच आतून पुसत जवळपास दोन किलोमीटर गेलो होतो. काच काही स्वच्छ होईना, कारण वाफ मुळी बाहेरच्या बाजूला धरली होती आणि वायपरचा दांडा माझ्या बोटापासून वीतभर अंतरावर होता.

नवख्या चालकाने सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. काचेच्या आतल्या बाजूला धरणारी वाफ आणि बाहेरच्या बाजूला धरणारी वाफ दिसायला सारखीच असते, परंतु त्यांची कारणे वेगळी आहेत आणि एकीचा उपाय पुष्कळदा दुसरीला वाढवतो. म्हणून कोणतेही बटण दाबण्यापूर्वी वाफ कोणत्या बाजूला आहे हे ठरवावे लागते.

असे का होते

हवेत किती बाष्प मावते हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. ३० अंश सेल्सियसच्या हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, तर २० अंशांवर जेमतेम १७ ग्रॅम. हवा गार होत जाऊन ज्या तापमानाला तिच्यातले बाष्प काठोकाठ होते, त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. काच त्याहून गार असेल तर तिला टेकणाऱ्या हवेतले जादा बाष्प बारीक थेंबांच्या रूपाने तिच्यावर बसते, आणि समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रकाश त्या हजारो थेंबांवर विखुरल्यामुळे काच पांढरी दिसते.

देशावरच्या उन्हाळ्यात ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना हवेचा दवबिंदू सुमारे १३ अंश असतो, त्यामुळे तिकडे एसी कितीही गार ठेवला तरी काच सहसा कोरडी राहते. गोव्यात जुलैमध्ये २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट आहे, आणि अशा हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश भरतो. काच बाहेरच्या हवेपेक्षा केवळ दोन अंशांनी गार झाली की काम झाले. पुण्या-सोलापुरात वर्षानुवर्षे गाडी चालवलेला माणूस इथे आल्यावर गोंधळतो तो यामुळे. त्याच्या गाडीत काही बिघाड झालेला नसतो.

पहिली पायरी: बाजू ओळखणे

पाऊस चालू नसेल तर वायपर एकदा फिरवावा. काच लख्ख झाली तर वाफ बाहेर आहे. पाऊस चालू असेल आणि वायपर आधीपासूनच फिरत असतील, तर वायपरने पुसला जाणारा पंख्याच्या आकाराचा भाग पाहावा. तो भाग स्वच्छ असून कडेचे, वायपर न पोहोचणारे कोपरे पांढरे असतील तर वाफ बाहेरची. वायपर फिरत असूनही त्या पंख्यातच पांढरेपणा टिकून असेल तर ती आतली. तरीही शंका राहिली तर शेजारी बसलेल्याला काचेच्या खालच्या कोपऱ्यात आतून बोट फिरवायला सांगावे. रेघ उमटली की उत्तर मिळाले. चालकाने स्वतः नजरेसमोरच्या भागात बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा तिथे राहतो आणि रात्री नेमका तोच पट्टा चकाकतो.

वायपरनेही फरक पडला नाही आणि बोटानेही नाही, तर काचेवर वाफ नसून बाहेरच धुके आहे. चोर्ला घाटात किंवा अनमोड घाटात पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरलेला असतो आणि त्यावर काचेचा कोणताही इलाज चालत नाही. हेडलाइट लो बीमवर ठेवून, फॉग लॅम्प असल्यास ते लावून, डावीकडच्या पांढऱ्या पट्ट्याच्या आधाराने सावकाश पुढे जावे.

वाफ बाहेरच्या बाजूला असेल तर

एसी वापरणाऱ्यांना गोव्यात हा प्रकार अधिक भेटतो. एसीची गार हवा काचेवर आतून लागते, सगळी काच गार होते आणि बाहेरच्या दमट हवेतले बाष्प तिच्यावर दवासारखे बसते. गार पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो, त्यातलाच हा प्रकार.

प्रथम वायपर फिरवावा. लगेच दिसू लागते. पाऊस थांबलेला असून रबर काचेवर कुरकुरत असेल तर वॉशरचे थोडे पाणी मारावे. मात्र काच गारच असल्याने अर्ध्या मिनिटात वाफ पुन्हा धरेल, म्हणून त्यापाठोपाठ तिचे कारण काढावे. हवेची दिशा काचेवर असेल तर ती बदलून तोंडाकडे किंवा पायाकडे करावी, डॅशबोर्डवरच्या मधल्या झडपा वर काचेकडे वळलेल्या असतील तर खाली कराव्यात, ब्लोअर एक-दोन घर कमी करावा आणि तापमान १८-२० वर असेल तर २५-२६ पर्यंत वाढवावे. काही मिनिटांत काच बाहेरच्या हवेच्या जवळपास येते आणि वाफ धरणे थांबते.

नवख्यांची मोठी चूक इथेच होते. काच पांढरी झाली की हात आपसूक समोरच्या काचेच्या बटणाकडे जातो, म्हणजे पंख्याच्या आकाराच्या काचेवर तीन वळणदार बाण असलेल्या चिन्हाकडे. अनेक गाड्यांत ते बटण दाबताच एसी आपोआप सुरू होतो आणि पूर्ण जोराची हवा काचेवर येते. तापमान निळ्या बाजूला असेल तर ती हवा थंडगार असते, आणि बाहेरची वाफ जाण्याऐवजी दाट होत जाते. ते बटण आतल्या वाफेसाठी आहे. बाहेरच्या वाफेसाठी ते वापरायचेच असेल तर तापमानाची खुंटी आधी लाल बाजूकडे वळवावी.

बाजूच्या काचांना वायपर नसतो, पण त्यांना दाराचे रबर असते. काच पूर्ण खाली घेऊन पुन्हा वर केली की बाहेरची वाफ बरीचशी पुसली जाते. रस्त्यावर मागचे वाहन आरशात दिसेनासे झाले असेल तर हा उपाय सर्वांत जलद आहे, थोडी बाही भिजते एवढेच.

वाफ आतल्या बाजूला असेल तर

इथे गणित उलटे होते. पावसाच्या पाण्याने काच बाहेरून गार झालेली असते आणि गाडीच्या आतली हवा माणसांच्या श्वासाने, ओल्या कपड्यांनी आणि गळणाऱ्या छत्र्यांनी जड झालेली असते. लहान गाडीतील हवा साधारण तीन घनमीटर धरली, तर ३० अंशांवर ती पूर्ण भरायला शंभर ग्रॅमहून कमी बाष्प पुरते. दोन भिजलेले रेनकोट आणि एक छत्री यांत त्याच्या कितीतरी पट पाणी असते.

पुष्कळ लोक पावसात बाहेर गारवा आहे म्हणून एसी बंद करतात, पाणी आत येऊ नये म्हणून काचा बंद करतात आणि गाडीच्या आकृतीत गोल वळलेल्या बाणाचे, म्हणजे आतलीच हवा फिरवण्याचे बटण उन्हाळ्यापासून तसेच दाबून ठेवलेले असते. आतली वाफ धरण्यासाठी याहून चांगली व्यवस्था करता येणार नाही. एसी बंद करून वाचणारे पेट्रोल अशा वेळी विसरावे.

उपायाचा क्रम असा. एसीचे बटण चालू करावे, हवेची दिशा समोरच्या काचेवर करावी, ब्लोअर मोठा करावा, तापमान गार न ठेवता मध्यापलीकडे लाल बाजूला न्यावे आणि आतली हवा फिरवण्याचे बटण काढून बाहेरची हवा आत घ्यावी. शक्य असल्यास पहिले अर्धे मिनिट मागच्या दोन काचा बोटभर उघडाव्यात, म्हणजे साचलेली जड हवा चटकन निघून जाते.

एसी आणि गरम हवा एकाच वेळी कशासाठी, असा प्रश्न गोव्यात हमखास येतो, कारण इथे तापमानाची लाल बाजू वर्षानुवर्षे कोणी वापरलेली नसते. एसीचे काम केवळ गारवा देण्याचे नाही. त्याची कूलिंग कॉइल दवबिंदूपेक्षा बरीच गार असते, तिच्यावरून जाताना हवा आपले पाणी तिथेच सोडते आणि ते पाणी नळीवाटे गाडीखाली ठिबकते. अशी कोरडी झालेली हवा पुढे हीटरवरून गरम होऊन काचेवर गेली, तर ती थेंब शोषून घेते आणि काचेलाही दवबिंदूच्या वर नेते. काच तापल्यामुळे बाहेरच्या बाजूला वाफ धरण्याची शक्यताही जाते. इंजिन तापलेले नसेल तर पेट्रोल-डिझेल गाडीत पहिली काही मिनिटे गरम हवा येत नाही. तोवर नुसत्या एसीवर भागवावे.

बाहेरची हवा घ्यावी की आतली फिरवावी, यावर मतभेद आढळतात. थंड प्रदेशांतील सल्ला बाहेरची हवा घ्या असा असतो आणि तो तिकडे बरोबर आहे, कारण तिकडे हिवाळ्यात बाहेरच्या थंड हवेत बाष्प मुळातच थोडे असते. गोव्यात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली आहे. माझा अनुभव असा की चार भिजलेली माणसे नुकतीच गाडीत बसली असतील तर आतली हवा बाहेरच्याहूनही दमट असते, म्हणून सुरुवातीला बाहेरची हवा घ्यावी. पाच-दहा मिनिटांनी काच स्वच्छ होऊन आतले वातावरण कोरडे झाले की एसी चालू ठेवूनच आतली हवा फिरवायला हरकत नाही. एसी बंद असताना मात्र ते बटण पावसाळ्यात कधीही दाबलेले नसावे.

काच स्वच्छ झाली म्हणून एसी लगेच बंद करण्याची घाईही नडते. कूलिंग कॉइल ओलीच असते. तिच्यावर ब्लोअरची हवा लागत राहिली की तेच पाणी पुन्हा वाफ होऊन आत येते आणि मिनिटाभरात काच पुन्हा पांढरी होते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडणाऱ्या गाड्यांत हे विशेष जाणवते. जोराच्या पावसात ती सोय बंद ठेवलेली बरी. फेरीबोटीत इंजिन बंद करून आत बसून राहिलात तर रायबंदरहून चोडणचा धक्का येईपर्यंत काच आतून झाकली जाते, आणि मागची वाहने उतरण्यासाठी हॉर्न वाजवू लागली की तारांबळ उडते. फेरीत वाऱ्याच्या आडोशाची एक काच थोडी उघडी ठेवावी.

एसी नसेल किंवा बिघडला असेल तर

जुन्या गाडीत काच कोरडी ठेवण्याचा एकच भरवशाचा मार्ग उरतो, तो म्हणजे आतली आणि बाहेरची हवा सारखी ठेवणे. दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटे उघड्या ठेवाव्यात, हवा बाहेरून घ्यावी, ती गरम करून काचेवर सोडावी. आत उकडते, पण दिसते. दारांवर पाऊस अडवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या बसवून घेतल्या तर काचा उघड्या ठेवूनही मांडी भिजत नाही, आणि गोव्यातील पावसासाठी हा थोडा खर्च मला सार्थ वाटतो. एवढे करूनही करमळ घाटासारख्या वळणांच्या रस्त्यावर दिसेनासे झाले, तर रुंद जागा पाहून रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबावे, चारही इंडिकेटर लावावेत आणि कोरड्या कापडाने काच टिपून मगच निघावे. चालत्या गाडीत पुसण्याचा प्रयत्न करू नये.

मागच्या काचेवर आडव्या तपकिरी तारा असतील तर त्यांचे बटण दाबावे. तारा तापून वाफ जाते आणि बहुतेक गाड्यांत काही वेळाने ते आपोआप बंद होते. ती काच आतून पुसताना कापड तारांच्या दिशेने, आडवेच फिरवावे आणि खरवडू नये. एक तार तुटली की तेवढी रेघ कायमची धुरकट राहते.

काच आतून स्वच्छ ठेवणे

वाफ धरली नसतानाही पुष्कळ गाड्यांची समोरची काच रात्री चकाकते. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उन्हात निघणारी वाफ, धूळ, सिगारेटचा धूर आणि डॅशबोर्डला लावलेले चकचकीत पॉलिश यांचा एक पातळ तेलकट थर आतून बसलेला असतो. अशा काचेवर पाणी पसरत नाही. त्याचे सुटे बारीक थेंब होतात, आणि तेच थेंब प्रकाश विखुरतात. म्हणून मेच्या अखेरीस, पाऊस गोव्यात पोहोचण्याआधी, काच आतून एकदा नीट धुऊन घ्यावी आणि पुढे दर पंधरा दिवसांनी ते काम करावे.

गाडी सावलीत असावी आणि काच तापलेली नसावी. भांडी घासण्याच्या द्रवाचे एक-दोन थेंब टाकलेल्या पाण्यात मायक्रोफायबर कापड बुडवून घट्ट पिळावे आणि त्याने काच पुसावी. मग नुसत्या पाण्याच्या दुसऱ्या कापडाने साबण काढावा आणि शेवटी तिसऱ्या, पूर्ण कोरड्या कापडाने काच चोळावी. आतून कापड उभे आणि बाहेरून आडवे फिरवले, तर नंतर एखादी रेघ राहिलेली दिसली की ती कोणत्या बाजूची आहे हे लगेच कळते. काळी फिल्म लावलेल्या काचांवर अमोनिया असलेला क्लीनर वापरू नये. फिल्म खराब होते.

बटाटा कापून काचेवर चोळणे, दाढीचा फेस लावून पुसणे, असे घरगुती उपायही सांगितले जातात. फेसातील साबणाचा थर पाण्याला थेंब न होऊ देता पातळ पसरवतो, त्यामुळे काही दिवस फरक दिसतो. पण इथल्या ओलाव्यात तो थर लवकर ओघळतो आणि रात्री समोरच्या दिव्यांत त्याचे पट्टे दिसतात. बाजूच्या काचांवर करून पाहावे, समोरच्या काचेवर मी करत नाही.

गाडीतील ओल कमी करणे

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी बाजारातून माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचे) सामान आणणारी गाडी आठवून पाहावी: डिकीत नारळ, सुपारीची शिपटी, पावसात भिजलेले आंब्याचे टाळे, मागच्या सीटवर ओल्या पिशव्या आणि पायाशी छत्र्या. हे सामान घरी उतरवल्यावर गाडी तशीच बंद करून ठेवली, तर रात्रभर सगळी ओल गाद्यांत आणि छतात मुरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीला निघताना काच आतून पाझरत असते. ओले सामान मोठ्या प्लास्टिकच्या टबात ठेवावे, छत्री आत घेण्यापूर्वी झटकावी, कापडी पायपुसण्यांऐवजी कडा असलेली रबरी मॅट घालावी आणि घरी पोहोचताच ती बाहेर काढून तिच्यावरचे पाणी ओतून टाकावे. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ चालू असतो. त्यातला एखादा कोरडा तास साधून गाडीची चारही दारे उघडी टाकावीत.

मोज्यात मीठ भरून डॅशबोर्डवर ठेवण्याचा सल्ला निदान गोव्यात तरी ऐकू नये. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून स्वतःच पाझरू लागते, हे आषाढात मिठाची बरणी उघडणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ते खारे पाणी गाडीच्या पत्र्यात उतरले तर वाफेपेक्षा गंज महाग पडेल. सिलिका जेलच्या पिशव्या निरुपद्रवी आहेत, परंतु दिवसातून दहा वेळा दार उघडणाऱ्या गाडीत त्या लवकरच भरून जातात.

आणखी तीन ठिकाणे पावसाआधी तपासावीत. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत शेजारच्या सीटसमोरच्या कप्प्यामागे (ग्लव्ह बॉक्समागे) असतो; तो धुळीने भरला असेल तर ब्लोअर कितीही मोठा केला तरी काचेवर हवा पोहोचत नाही. वायपरच्या खालच्या पन्हाळीत आंब्याची आणि फणसाची पाने कुजून बसली असतील तर पावसाचे पाणी तिथे तुंबून आत झिरपते. एसी दहा-पंधरा मिनिटे चालल्यावर गाडीखाली पाणी ठिबकायला हवे. पावसाळ्याच्या दमट हवेत तर ते चांगलेच ठिबकते. ते दिसत नसेल आणि शेजारच्या सीटखालचा गालिचा ओला लागत असेल, तर कॉइलची नळी तुंबलेली आहे. हे काम गॅरेजमध्ये थोड्या वेळात होते.

गॅरेजला केव्हा जावे

आतल्या बाजूची वाफ चिकट असेल, पुसल्यावर तेलकट पट्टे राहत असतील आणि त्याबरोबर गोडसर वास येत असेल, तर ते पाणी पावसाचे नाही. हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, गळून त्याची वाफ काचेवर बसत आहे, आणि तशाच स्थितीत गाडी चालवत राहिल्यास कूलंट कमी होऊन इंजिन तापण्याचा धोका आहे. हे दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

जुन्या गाडीत कधी कधी समोरच्या काचेच्या कडेने एक पांढुरका पट्टा दिसतो, जो आतून पुसूनही जात नाही आणि बाहेरून पुसूनही जात नाही. ती वाफच नव्हे. समोरची काच दोन पातळ काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर घालून बनवलेली असते, आणि कडेतून ओल शिरून तो थर सुटू लागला की असा पट्टा पडतो. तो कडेपुरता असेल तर लक्ष ठेवून चालवता येते. चालकाच्या नजरेसमोर येऊ लागला की काच बदलावी लागते, आणि बदलताना नवी काच बसवणाऱ्याला चिकटद्रव्य वाळेपर्यंत गाडी पावसात न काढता कोरड्या जागी ठेवायला सांगावे.